आईची सही आणि लेस्टरचं घर

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे विलायतेचा फोन येतो. धाकटे भाऊजी इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरीला आहेत. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, समोर सासूबाईंनी पाटावर बसायचं आणि मी भाकरी थापता थापता ऐकायचं, अशी आमची रीत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी भाऊजी म्हणाले, "आई, इथं फ्लॅट बघितलाय. दोन लाख दहा हजार पौंडांचा. कर्ज मिळतंय, पण सुरुवातीची रक्कम कमी पडते. तळ्याकडचं दोन एकर विकलं तर अठरा लाख येतील."

तव्यावरची भाकरी करपली. तीन एकरांतलं दोन एकर!

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कागद कुणाच्या नावानं?"

"आमच्या दोघांच्या. तुझं नाव नाही घालता येत."

झालं! आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. आईचं शेत विकायचं आणि आईचं नाव मात्र नको! खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं, उद्या वाटणीच्या वेळी हे दोन एकर कुणाच्या हिशेबात धरायचे? जावेबद्दलही नको ते बोलून गेले. पण बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं, ते काही पोळपाटाखाली गेलं नव्हतं. म्हटलं, रागावण्याआधी चौकशी तरी करू.

चौकशीत कळलं ते असं. भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. त्यातून घर घेता येतं किंवा मुलाला भेटही देता येते. पॅन कार्ड हवं आणि पैसा कुठून आला त्याचे कागद हवेत. "शेत कशाला विकायचं, कर्ज काढू," असं हे म्हणत होते; पण परदेशात घर घेण्यासाठी पैसे पाठवायला इथल्या बँका कर्ज देत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या पुढे जेवढी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के कर आधीच घेते. अठरा लाख पाठवायचे तर वरच्या आठ लाखांवर एक लाख साठ हजार वेगळे मोजायचे. ते बुडत नाहीत, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरलं की हिशेबात वळते होतात किंवा परत येतात. पण ज्या बाईनं जन्मात विवरणपत्र पाहिलं नाही, तिला ते कोण सांगणार?

आता नावाची गोष्ट. इंग्लंडमध्ये पहिलंच घर घेणाऱ्याला तीन लाख पौंडांपर्यंत मुद्रांक शुल्क पडत नाही. पण घेणाऱ्यांत एकाचंही आधी कुठं घर असलं, अगदी लोहाऱ्यात असलं तरी, ही सवलत जाते. त्यात तो माणूस तिथला रहिवासी नसेल तर सगळ्या किमतीवर दोन टक्के जादा. आणि त्याच्या आधीच्या घराची किंमत चाळीस हजार पौंड किंवा त्याहून जास्त असली, तर आणखी पाच टक्के. आमचं घर काही तेवढ्या किमतीचं नाही, तरीसुद्धा सासूबाईंचं नाव घातलं असतं तर पाच हजार नऊशे पौंडांचा, म्हणजे सहा लाखांहून जास्त रुपयांचा भुर्दंड होता. भाऊजी खोटं बोलत नव्हते. फक्त नीट समजावून सांगितलं नव्हतं, आणि ही मुलांची जुनी खोड आहे.

खरी गोम पुढंच होती. तिथली कर्ज देणारी बँक आईकडून एक पत्र लिहून मागते: ही रक्कम मी भेट म्हणून देत आहे, परत मागणार नाही, आणि या घरावर माझा कसलाही हक्क राहणार नाही. ते पत्र मी सासूबाईंना मराठीत करून दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज बसला.

शिवाय फ्लॅट घेतला म्हणजे जमीन आपली झाली असंही नाही. तिथले बहुतेक फ्लॅट ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर असतात. किती वर्षं उरली आहेत आणि देखभालीचा आकार वर्षाला किती, हे आधी विचारायचं. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी बटईचंच की!" घर आपलं असलं तरी सगळं आपल्या मर्जीनं होत नाही, हे तर आपल्या राज्य सरकारलाही चुकलं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या ज्या घरात राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर सरकारनं २०१५ मध्ये तीस लाखांहून जास्त पौंड देऊन घेतलं. तिथं स्मारक केलं, तर शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली, स्थानिक कौन्सिलनं परवानगी नाकारली आणि मार्च २०२० मध्ये थेट ब्रिटिश मंत्र्यांकडून मंजुरी आली तेव्हा प्रश्न सुटला.

जावेला मी एकटीनं फोन केला. म्हटलं, तुमचं नाव दुसरं असलं तरी कागदावर प्रकार कोणता ते बघा. तिथं जोडनावाचे दोन प्रकार आहेत. एकात एक जण गेला की सगळं घर आपोआप दुसऱ्याचं होतं. दुसऱ्यात ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा राहतो आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. तिनं हे वकिलाला विचारलंच नव्हतं. फोन ठेवताना तिला रडू आलं. आधी मी तिच्याबद्दल काय बोलले होते ते आठवून मलाही.

शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. दोन नाही, एकच एकर विकायचा. नऊ लाख आले, म्हणजे ती वीस टक्क्यांची कटकटही टळली. बाकीची रक्कम भाऊजी आणखी वर्षभर साठवतील आणि मग घर घेतील. हा एकर त्यांच्या वाट्यात धरावा, असं सासूबाई मृत्युपत्रात लिहिणार आहेत. हे त्यांनी दोन्ही मुलांना एकाच वेळी, फोनवर सांगितलं. कुणी काही बोललं नाही.

पत्रावर सही करण्याआधी त्यांनी घर दाखवायला सांगितलं. सासूबाईंचं माहेर सास्तूर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांची धाकटी बहीण माळवदाखाली गेली. जाऊबाई त्या फ्लॅटच्या इमारतीसमोर उभ्या राहिल्या आणि फोन वर, खाली, चहूकडे फिरवला.

"भिंती कशाच्या?" सासूबाईंनी विचारलं.

"विटांच्या, आई."

"आन् वर माती-दगड न्हाई ना?"

"नाही."

मग त्यांनी चष्मा लावला आणि पेन मागितलं.