गाडीला ताप का चढतो?

दोस्तांनो, मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून उभी असलेली गाडी पाहिली असेलच तुम्ही. इंजिन तापलेलं! लगेच कुणीतरी सल्ला देतं, "रेडिएटरचं झाकण काढा, पाणी ओता." थांबा! कुकरची वाफ जिरायच्या आधी आई झाकण काढते का? रेडिएटरमधलं पाणीही दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलं, की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर! इंजिन बंद करून अर्धा तास तरी निवू द्यायचं.

तोवर डॉक्टरांसारखे प्रश्न विचारा. तापमानाचा काटा कधी चढला? सिग्नलला उभं असताना चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो? मग पंख्यावर संशय घ्या. पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच घालावा लागतो. आणि वेगात किंवा चढावरच चढत असेल, तर पाणी कमी असेल नाहीतर रेडिएटर आतून चोंदला असेल.

गाडीखाली थारोळं दिसतंय? नळी गळत असेल. पण घाई नको हं, एसीचं पाणीही ठिबकतं! ते रंगहीन असतं. रेडिएटरमधलं कूलंट बहुधा हिरवं, निळं किंवा गुलाबी.