रंगकामाचा ब्रश

रंगकामाचा ब्रश (कुंचला) हे भिंती, दारे, खिडक्या, लोखंडी जाळ्या इत्यादींना रंग देण्याचे हातसाधन आहे. घरगुती रंगकामात ब्रशची निवड प्रामुख्याने रंग कोणत्या माध्यमात कालवलेला आहे यावरून, म्हणजे तेल, पाणी की चुना यावरून, ठरते. पृष्ठभागाची रुंदी हा त्यानंतरचा निकष होय. निवड चुकल्यास उत्तम प्रतीच्या रंगातही ब्रशाच्या रेघा उमटतात आणि गळालेले केस वाळलेल्या थरात अडकून राहतात.

रचना

ब्रशाचे मूठ, पत्र्याचे कडे आणि केस असे तीन भाग असतात. केसांची मुळे कड्यात चिकटद्रव्याने पक्की बसवलेली असतात. चांगल्या ब्रशातील केसांची टोके दुभंगलेली असतात. त्यामुळे रंग अधिक धरला जातो व सारखा पसरतो.

केसांचे प्रकार

नैसर्गिक केस: हे बहुधा डुकराचे राठ केस असतात. तैलरंग, एनॅमल व वार्निश यांसाठी ते उपयुक्त ठरतात. पाण्यात मात्र ते फुगून मऊ पडतात.

कृत्रिम तंतू: नायलॉन व पॉलिएस्टरचे तंतू पाणी फार कमी शोषतात. त्यामुळे डिस्टेंपर, इमल्शन इत्यादी पाण्यात कालवलेल्या रंगांसाठी ते योग्य असतात. प्राणिज केस वर्ज्य मानणाऱ्यांनाही हा पर्याय सोयीचा ठरतो.

वनस्पतिजन्य तंतू: कालवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो. प्राण्यांचे केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असल्याने चुन्यात खराब होतात. म्हणून चुनकामासाठी वनस्पतींच्या राठ तंतूंचा रुंद कुंचा वापरतात. चुन्याने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते. छताला चुना देताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असणे आवश्यक आहे.

आकार

भारतात ब्रशाची रुंदी सहसा इंचांत सांगितली जाते. खिडकीच्या गजांना 1 इंची, चौकटींना 2 इंची, तर दाराच्या फळ्यांना 3 ते 4 इंची ब्रश सोयीचा असतो. भिंत व छत यांमधील कड रंगवण्यासाठी तिरकस कापलेल्या टोकाचा ब्रश वापरतात. सलग मोठ्या भिंतीचे काम रोलरने लवकर होते. मात्र कोपरे व कडा ब्रशानेच रंगवाव्या लागतात.

पारख व निगा

विकत घेताना केस बोटांनी वाकवून पाहतात. चांगले केस सोडताच पूर्ववत होतात. केस हलके ओढल्यास सुटून येऊ नयेत. रंगात केसांचा निम्म्यापर्यंतचाच भाग बुडवतात. रंग कड्यात शिरून वाळल्यास केस फाकतात. काम संपताच तैलरंगाचा ब्रश टर्पेंटाइनने व पाण्यातील रंगाचा ब्रश साबणाच्या पाण्याने धुतात. टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्याने ते विस्तवापासून दूर ठेवतात. धुतलेला ब्रश टांगून किंवा आडवा ठेवून वाळवतात; केसांवर उभा ठेवल्यास तो कायमचा वाकडा होतो.