पेटीतलं बाळ, छातीवरचं बाळ

सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं, आठव्यातलं दगावतं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. आमची लेक एकतिसाव्या आठवड्यात झाली तेव्हा भेटायला आलेल्या निम्म्या नातेवाइकांनी याच आधारावर आमची समजूत घातली. गंमत म्हणजे प्राचीन ग्रीकांचाही हाच समज होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. पोटात निघालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यातली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात, म्हणजे कुठल्याही देशापेक्षा जास्त.

लेक आता शाळेत जाते, पण विषय काही माझ्या मानगुटीवरून उतरलेला नाही. कुणाचं बाळ पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये आहे असं कळलं की माझं व्याख्यान सुरू होतं आणि ही, माझी बायको, मला डोळ्यांनी दटावते.

पेटीचा इतिहास भराभर उरकतो. पॅरिसचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायचं यंत्र पाहिलं आणि १८८०च्या सुमारास तसंच नवजात बाळांसाठी करून घेतलं. पुढे मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत अशा पेट्यांतली जिवंत बाळं तिकीट लावून दाखवली! ऐकून अंगावर काटा येतो, पण तिकिटाच्या पैशांवर बाळांची शुश्रूषा चाले आणि आईबापांना दमडीही पडत नसे. गरोदर मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून धागा घेऊन न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की वेळेआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइड टोचलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हिलाही ती इंजेक्शनं मिळाली होती. त्या मेंढ्यांचे आमच्यावर उपकार आहेत.

आता माझ्या आवडीच्या गावी जाऊ. कोलंबियाची राजधानी बोगोता, १९७८-७९. तिथल्या सरकारी प्रसूतिगृहात पेट्या कमी आणि बाळं फार. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होई. आया बाहेर ताटकळत, काही तर बाळ तिथेच टाकून निघून जात. एद्गार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी कांगारूविषयी वाचलं होतं. कांगारूचं पिल्लू अर्धवटच जन्मतं आणि आईच्या पिशवीत वाढतं. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली आणि प्रकृती स्थिर होताच घरी पाठवायला सुरुवात केली. एक्तोर मार्तिनेस त्यांना येऊन मिळाले. बड्या देशांतल्या डॉक्टरांनी ‘गरिबांची सोय’ म्हणून नाक मुरडलं. मग नताली शारपाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीतसर तुलना केली. तेव्हाची बाळं वीस वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठली, तर छातीवर वाढलेल्यांची शाळेतली गैरहजेरीसुद्धा कमी निघाली.

यात जादू काही नाही. कातडीखालची चरबी शेवटच्या महिन्यांत साठते, ती या बाळांकडे नसते. दूध अंगी लागायच्या ऐवजी अंग गरम ठेवण्यातच संपतं आणि वजनाचा काटा हलत नाही. आईच्या छातीची कातडी मात्र बाळ गार पडलं की स्वतः तापते. असा थर्मोस्टॅट अजून कुठल्या कारखान्यात बनलेला नाही.

आमच्या लेकीच्या वेळी पहिल्या रुग्णालयात आम्ही काचेबाहेर. भेटीची वेळ ठरलेली, हात लावायला मनाई. ही टाक्यांचं दुखणं विसरून काचेला नाक लावून उभी. दुसरीकडे हलवल्यावर तिथल्या सिस्टरने माझ्याकडे पाहून फर्मान काढलं, “बाबा, शर्ट काढा आणि खुर्चीत रेला.” मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी भिंतीकडे. लंगोट, टकुचं आणि मोजे एवढ्यावर लेक माझ्या छातीवर आली. उभी, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून जराशी वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून सुती कापडाने घट्ट बांधलं. वजन १ किलो ४०० ग्रॅम. पाठीवर मऊ लव. कानाची पाळी दुमडली तर चटकन उलगडायची नाही, कारण आतली कूर्चा अजून तयार व्हायची होती. मधेच ती श्वास घ्यायचीच विसरे. मेंदूतलं श्वासाचं केंद्र कच्चं असतं, म्हणून अशा बाळांना चक्क कॅफीनचं औषध देतात. मॉनिटर ओरडला की सिस्टर तळपायाला टिचकी मारी आणि गाडी पुन्हा सुरू.

बाळ स्थिरावल्यावरच छातीवर घ्यायचं, असं डॉक्टर मानत. मग भारतासह पाच देशांत १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांवर मोठी चाचणी झाली, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. जन्मल्याबरोबर छातीवर घ्यायचं आणि आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकायची. २०२१ मध्ये निकाल आला : २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. फायदा इतका उघड होता, की चाचणी वेळेआधीच थांबवली. तरीही बाळ एका मजल्यावर आणि बाळंतीण दुसऱ्या, ही रचना अनेक ठिकाणी तशीच आहे. याला मी हट्ट म्हणतो, वैद्यकशास्त्र नव्हे.

दुधाचं प्रकरण तर वेगळ्या लेखाचं. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यात जमतो. तोवर नळीने, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. आजीच्या ट्रंकेत पडलेलं बोंडलं नवजात विभागात रोज वापरात असतं, हे पाहून मला कोण आनंद झाला! आणि आईला दूध कमी पडलं तर? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दान केलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून, तपासून, गोठवून ठेवतात.

घरी आल्यावर शेक-शेगडीवरून थोडी वादावादी झाली. धुरी मी होऊ दिली नाही, त्या फुप्फुसांना धूर नको. “बाळ किती महिन्यांचं?” या प्रश्नाला आम्ही नऊ महिने भरल्याच्या तारखेपासून मोजून उत्तर देत असू. रांगणं, बोलणं याच वयाने पाहायचं, नाहीतर शेजारची तुलना जीव खाते.

एक गोष्ट मात्र खऱ्या वयाने मोजायची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासायलाच हवा. तिथल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर कायमचं अंधत्व येऊ शकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वेळेत लेझर केलं तर बहुतेकांची दृष्टी वाचते. डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख नसेल, तर घरी निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.