आवाजाचं डाएट: 160 बाइटचे 33, तरी ओळख कायम!

माहीत आहे का? वास्कोहून पेडण्याला लावलेल्या साध्या फोनवर तुमचा अख्खा आवाज कधीच पोहोचत नाही! जातो तो फक्त 300 ते 3400 हर्ट्झचा पट्टा. बहुतेक पुरुषांचा मूळ सूर तर 100-150 हर्ट्झचा, म्हणजे वाटेतच गुल. ऐकणाऱ्याचा मेंदू तो स्वतः भरून काढतो. तेही विनारिचार्ज!

दोन घराणी, एक गाणं
एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घेतं, प्रत्येकी 8 बिटचा. झाले 64 किलोबिट! 1972 च्या या जी.711 स्टँडर्डची दोन घराणी आहेत: भारत-युरोपचं ए-लॉ आणि अमेरिका-जपानचं म्यू-लॉ. वास्कोतून न्यू जर्सीच्या भाचीला लँडलाइनवरून फोन लावलात, तर रूपांतर कुणी करायचं? नियमाने म्यू-लॉवाल्यांनी. आपण फक्त बोलायचं!

शून्याच्या देशात शून्य गायब
माहीत आहे का? ए-लॉमध्ये शून्यच नाही! शांतता साठवायची तर फाइलमध्ये 213 हा आकडा बसतो. म्यू-लॉमध्ये शांततेचा आकडा 255. एकाची फाइल दुसऱ्याची समजून वाजवलीत, की कान किटलेच म्हणून समजा.

शेजारचा पराक्रम
1986 मध्ये सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं 128 पोर्टचं देशी डिजिटल ग्रामीण एक्सचेंज पहिल्यांदा सुरू झालं, ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. हो, राणी चन्नम्माचंच कित्तूर!

गळ्याचं गणित
मग आला मोबाईल. जीएसएमचा मूळ कोडेक, म्हणजे आवाज आवळायचं सूत्र, 20 मिलिसेकंदांचं बोलणं उचलतो आणि 160 बाइटचे 33 करतो. कसे? गळा-तोंडाची ठेवण त्या क्षणी कशी होती आणि त्यातून कसा नाद घुमत होता, याचे आकडे तो पाठवतो. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने घडवतो.

या विद्येतलं मोठं नाव आपल्या देशातलं: कानपूरला जन्मलेले, अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये काम केलेले बिष्णू अटल. सहकारी श्रोडर यांच्यासोबत त्यांनी मांडलेलं सेल्प तंत्र सुरुवातीला इतकं जड होतं, की 1 सेकंदाचं बोलणं आवळायला क्रे-1 सुपरकॉम्प्युटर 150 सेकंद घ्यायचा. त्याच वंशातला एएमआर कोडेक पुढे खिशातल्या साध्या फोनवर धावला!

नकली शांतता
समोरचा गप्प झाला, तरी मोबाईलवर हलकी खरखर ऐकू येते ना? ती बहुतेकदा तुमचाच फोन तयार करतो. अगदी निःशब्द झालं, तर 'हॅलो, हॅलो, कट झाला का?' सुरू होतं. या खरखरीला नावही झकास आहे: कम्फर्ट नॉइज.

सप्ताह एका सीडीत
आता वास्को स्पेशल! श्रावणातल्या श्री दामोदर भजनी सप्ताहाचं अखंड 24 तासांचं भजन ए-लॉमध्ये रेकॉर्ड केलं, तर फाइल होईल 691 एमबी. म्हणजे एका 700 एमबीच्या सीडीत फिट! ऑडिओ सीडी म्हणून भरलं, तर जेमतेम 80 मिनिटं मावतील. जीएसएममध्ये तर सगळं 143 एमबीत आटोपेल, पण तो मोह नको. हा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला. पखवाज, पेटी आणि टाळ एकदम आले की त्याची भंबेरी उडते. कॉल सेंटरचं होल्ड म्युझिक भेसूर का वाटतं, कळलं?

उंदराचा आवाज मोफत
ए-लॉची कच्ची फाइल स्वतःचा वेग सांगत नाही. 8000 ची फाइल 16000 वर वाजवलीत, की भारदस्त काका क्षणात चिरके! एएमआर फाइल मात्र शिस्तीची. सुरुवातीलाच हॅश, उद्गारचिन्ह आणि 'एएमआर' अशी सही ठोकून मोकळी.

जाता जाता, कामाचं
ए-लॉची 16 बिटची वेव्ह केली, तर काही हरवत नाही. फाइल फक्त दुप्पट होते. पण जीएसएमचं एएमआर, एएमआरचं व्हॉट्सअ‍ॅपवालं ओपस, अशा प्रत्येक उडीत आवाज थोडा थोडा झिजतो आणि गेलेला परत येत नाही. म्हणून डिचोलीतल्या आजीचं बोलणं जुन्या मोबाईलमध्ये एएमआर फाइल बनून पडलं असेल, तर आजच कॉम्प्युटरवर उतरवा. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, प्रयोग कॉपीवर करा. आणि आजी आहे तोवर नवं रेकॉर्डिंग थेट वेव्हमध्येच करा!