हातचा आला की काय होतं? कापरेकरांची एक डेम्लो संख्या

मंडळी, आज डहाणू-तलासरीच्या मुलांसमोर बोलतोय, तर विषयही इथलाच घेऊ. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 1905 सालचा, डहाणूचा. पुढे देवळालीच्या शाळेत त्यांनी 1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षं शिकवलं. त्यांची 6174 ही संख्या सगळ्यांना माहीत असते. आज आपण तिच्याहून बरीच मोठी संख्या बघू:

12345678987654321

सतरा अंक. चढत जाते, नवापाशी पोचते आणि उतरते. ही 111111111 चा, म्हणजे नऊ एक्क्यांच्या संख्येचा, वर्ग आहे. अशा संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' म्हटलं. डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून. कल्पना तिथे सुचली म्हणून!

आता हे असं का होतं? लहान उदाहरण घ्या. 111 गुणिले 111 उभं मांडा. 111 तीनदा येतं, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. स्तंभांची बेरीज 1, 2, 3, 2, 1. उत्तर 12321. नऊ एक्के घेतले तर मधल्या स्तंभात नऊ एक्के येतात. हातचा कुठेच येत नाही, म्हणून नक्षी टिकते.

याच मांडणीतून आणखी एक गोष्ट कळते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक्के, एकूण 81. म्हणून या संख्येच्या अंकांची बेरीज 81 येते. आणि 111111111 ला 9 ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला 81 नेही जातो. मूळ अवयव पाडले तर 3 चार वेळा, 37 दोन वेळा, 333667 दोन वेळा. म्हणजे या संख्येला एकूण 45 विभाजक आहेत.

बरं, दहा एक्के घेतले तर? पुष्कळजण इथे घाईने नक्षी पुढे ओढतात. पण उत्तर येतं 1234567900987654321. मधल्या स्तंभात दहा झाले, हातचा एक डावीकडे गेला. तिथे नऊ होते, त्यांचेही दहा झाले, पुन्हा हातचा. प्रत्येक हातच्याला दहाच्या जागी एक उरतो, म्हणजे अंकांच्या बेरजेतून नऊ गळतात. 100 वजा 18, बरोबर 82. वरच्या संख्येतले अंक मोजून बघा.

म्हणजे ही जादू नव्हे. आपण दहाच्या पटीत लिहितो, त्याचा हा परिणाम. नक्षी दिसली की आधी ती का टिकते ते विचारायचं, मग कुठे मोडते ते शोधायचं.

कापरेकरांकडे गणितातली पदव्युत्तर पदवी नव्हती. त्यांच्या कामाला अनेकांनी नुसता अंकांचा खेळ म्हटलं. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. तोवर शाळामास्तर कागद-पेन्सिल घेऊन बेरजा मांडतच होते. तेवढी सामग्री तुमच्या दप्तरातही आहे. घरी जाऊन अकरा एक्क्यांचा वर्ग मांडा आणि हातचे किती वेळा येतात ते मोजा.