स्तनाच्या कर्करोगानंतर दुसरा कर्करोग : धोका किती, काळजी कोणती?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण होऊन काही वर्षे झाली की घरचे निर्धास्त होतात. रुग्णाच्या मनात मात्र एक प्रश्न राहतो : 'आता दुसरीकडे कुठे होईल का?' यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. जुन्याच कर्करोगाच्या पेशी हाडात, यकृतात किंवा फुप्फुसात वाढल्या, तर तो पहिलाच आजार उलटलेला असतो. स्वतंत्रपणे, नव्याने सुरू झालेला तो दुसरा कर्करोग. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणूनच नवी गाठ दिसली की डॉक्टर पुन्हा बायोप्सी करायला सांगतात.

इंग्लंडमधल्या सुमारे पावणेपाच लाख रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २० वर्षांत सुमारे १४ टक्के स्त्रियांना स्तनाबाहेर दुसरा कर्करोग झाला. आकडा मोठा वाटतो, पण हा आजार न झालेल्या स्त्रियांपेक्षा तो शंभरात साधारण दोघींनीच जास्त होता. दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग साडेपाच टक्क्यांच्या आसपास स्त्रियांना झाला. बीआरसीए जनुकात दोष असेल तर हे गणित बदलते. बीआरसीए-१ असलेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या स्तनाचा धोका २० वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत जातो, शिवाय बीजकोशाचाही. आजार चाळिशीच्या आत झाला असेल किंवा आई, मावशी, आत्या, बहिणीला असे कर्करोग झाले असतील, तर जनुक तपासणीबद्दल जरूर विचारा.

सर्वात जास्त गोंधळ टॅमॉक्सिफेनच्या गोळीबद्दल आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये या गोळीने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे खरे आहे. मोबाइलवर एवढेच वाचून काही जणी गोळी परस्पर बंद करतात. तसे करू नका. ही गोळी ५ ऐवजी १० वर्षे घेणाऱ्या स्त्रियांचा मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. पुढच्या काळात गर्भाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू हजारात २ वरून ४ झाले, पण स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू १५० वरून १२२ वर आले. किती वर्षे घ्यायची हे तुमचे कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी गर्भाशयाचा धोका वाढत नाही.

मात्र पाळी गेल्यानंतर कपड्याला रक्ताचा एक डाग जरी लागला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. 'पाळी परत आली असेल', 'उष्णता झाली असेल' म्हणत बायका महिनोन्महिने थांबतात, आणि लवकर सापडला तर बरा होणारा आजार पुढे जातो.

रेडिएशनमुळे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'लाइट'मुळे, बऱ्याच वर्षांनी फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आजच्या पद्धतीत न ओढणाऱ्यांना हा धोका हजारात सुमारे तीन, तर विडी-सिगारेट चालू ठेवणाऱ्यांना शंभरात चार. भिवंडीत माझ्याकडे येणाऱ्या बायका विडी क्वचितच ओढतात, पण मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानत नाहीत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाचा कर्करोग तिच्यामुळेही होतो. काही केमोथेरपीनंतर रक्ताचा कर्करोग शंभरात एकीलाही होत नाही, तरी सतत थकवा किंवा अंगावर काळे-निळे डाग असतील तर रक्त तपासून घ्या.

उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी वर्षातून एकदा हवीच. भिवंडीहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे म्हणजे दिवस मोडतो, म्हणून चार-पाच वर्षांनी तपासणी सुटते. तुमच्या तज्ज्ञांना विचारून मॅमोग्राफी ठाण्यात किंवा कल्याणला करा आणि रिपोर्ट घेऊन जा. मुले प्रेमापोटी दरवर्षी 'फुल बॉडी' स्कॅनचा आग्रह धरतात. काही लक्षण नसेल तर त्याची गरज नाही. सर्दी-तापासाठी नव्या डॉक्टरकडे गेलात तरी जुन्या आजाराबद्दल सांगा, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.