मैदानाची तयारी आणि खिशातला मोबाइल
पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वस्तीतली मुलं-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर एकदम जास्त धावू लागतात. महिन्याभरात नडगी धरून आमच्याकडे येतात. हाडाला सावरायला वेळ मिळाला नाही की बारीक तडा जातो.

मोठ्या संघांतले खेळाडू पाठीवर जीपीएस यंत्र लावून धावण्याचा हिशेब ठेवतात. तो हिशेब आपला मोबाइलही ठेवतो. रोजचं अंतर वहीत लिहा, दर आठवड्याला थोडंच वाढवा, एक दिवस विश्रांती घ्या.

कबड्डी खेळणाऱ्या मुलींनो, उडी मारून उतरतानाचा समोरून स्लो मोशन व्हिडिओ काढा. गुडघे आत वळत असतील तर आतला अस्थिबंध तुटण्याचा धोका असतो. गुडघा पंजाच्या रेषेत ठेवून उतरण्याचा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करा.

हाडावर एकाच जागी दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर चोळत बसू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. नवा तडा पहिल्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. दुखणं राहिलं तर पुन्हा जा.

वयाची अट असते, म्हणून घाई होते, हे आम्ही जाणतो. पण तडकलेल्या पायावर मैदान निघत नाही.